०.३३८ लापुआ मॅग्नम काडतूस आणि भारत

०.३३८ लापुआ मॅग्नम हे दूरपल्ल्याच्या नेमबाजीसाठी, विशेषतः लष्करी स्नायपर रायफलींसाठी, विकसित करण्यात आलेले काडतूस आहे. मेट्रिक पद्धतीत त्याचा उल्लेख ८.६×७० मिमी असा केला जातो. इ.स. १९८९ मध्ये युरोपातील शस्त्रप्रमाणन संस्था सीआयपी हिने त्याची नोंदणी केली. अफगाणिस्तान आणि इराकमधील युद्धांनंतर ते जगभर प्रसिद्ध झाले. भारतीय भूदलाने २०१८-१९ पासून या काडतुसावर चालणाऱ्या रायफली नियंत्रण रेषेवर वापरण्यास प्रारंभ केला. भारतातील दारूगोळा उत्पादनाचा मोठा भाग महाराष्ट्रात असल्याने या काडतुसाच्या भवितव्याशी खडकी, वरणगाव व भंडारा या गावांचा निकटचा संबंध येतो. या लेखात काडतुसाची रचना, त्याच्या मूल्यमापनाचे निकष, भारतीय भूदलाचा अनुभव आणि नागरी शस्त्र परवान्यांच्या संदर्भात बीड जिल्ह्यात, विशेषतः परळी वैजनाथ परिसराबाबत, झालेली चर्चा यांचा आढावा घेतला आहे.

नाव आणि अर्थ

नावातील ०.३३८ हा आकडा गोळीचा व्यास इंचांत दर्शवितो. तो मेट्रिक मापात सुमारे ८.६ मिमी होतो. लापुआ हे फिनलंडमधील एका गावाचे नाव असून तेथील काडतूस कारखान्याची स्थापना १९२३ मध्ये झाली. 'मॅग्नम' हा 'मोठा' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. त्याच व्यासाच्या सामान्य काडतुसापेक्षा ज्याच्या पुंगळीत अधिक दारू मावते आणि ज्याची गोळी त्यामुळे अधिक वेगाने जाते, अशा काडतुसाला व्यवहारात मॅग्नम म्हटले जाते. या शब्दाची कोणतीही निश्चित शास्त्रीय व्याख्या नाही. केवळ 'मॅग्नम' हे नाव आहे म्हणून एखादे काडतूस दूरवर अचूक मारा करील असे अनुमान काढता येत नाही.

इतिहास

१९८०च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत एका नव्या स्नायपर काडतुसाची गरज मांडण्यात आली. तत्कालीन ७.६२×५१ मिमी नाटो काडतूस साधारण ८०० ते ९०० मीटरपर्यंत समाधानकारक होते. त्यापलीकडे १२.७ मिमी हे मशीनगनचे काडतूस उपलब्ध होते, परंतु त्याची रायफल अतिशय जड आणि धक्का फार मोठा होता. या दोहोंच्या मधले, एकट्या सैनिकाला वाहून नेता येईल अशा रायफलीचे काडतूस हवे होते. १,००० मीटर अंतरावर लष्करी चिलखताचे पाच थर भेदण्याची क्षमता असावी, हे त्यासाठीचे उद्दिष्ट होते.

रिसर्च आर्मामेंट इंडस्ट्रीज या अमेरिकी कंपनीने यासाठी ०.४१६ रिग्बी हे जुने शिकारी काडतूस आधाराला घेतले. हे काडतूस लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने १९११ मध्ये मोठ्या श्वापदांच्या शिकारीसाठी तयार केले होते. त्याच्या पुंगळीचे तोंड अरुंद करून त्यात ०.३३८ इंची गोळी बसविण्यात आली. परंतु मूळ पुंगळी कमी दाबासाठी बनविलेली असल्याने नव्या काडतुसाचा दाब तिला पेलवला नाही. पुढे लापुआ कंपनीने ब्रिटनच्या अॅक्युरसी इंटरनॅशनल या रायफल उत्पादकाच्या साहाय्याने पुंगळीची रचना नव्याने केली. बुडाकडे जाड व कठीण, तर तोंडाकडे मऊ असे पितळ वापरल्याने ती ४२० मेगापास्कलपर्यंतचा दाब सहन करू लागली. काडतुसाच्या यशाचे श्रेय गोळीइतकेच या पितळाला दिले जाते.

लापुआ गावाच्या इतिहासात एका दुर्घटनेचीही नोंद आहे. १३ एप्रिल १९७६ रोजी तेथील काडतूस कारखान्यात झालेल्या स्फोटात ४० कामगारांचा मृत्यू झाला. त्यांत बहुसंख्य महिला होत्या.

या काडतुसाची कीर्ती प्रामुख्याने ब्रिटिश सैन्याच्या एल११५ए३ या रायफलीमुळे पसरली. नोव्हेंबर २००९ मध्ये अफगाणिस्तानच्या हेलमंद प्रांतात क्रेग हॅरिसन या ब्रिटिश सैनिकाने २,४७५ मीटर अंतरावरील लक्ष्य टिपले. त्या वेळी तो जागतिक विक्रम होता. पुढे २०१७ मध्ये कॅनडाच्या एका स्नायपरने १२.७ मिमी रायफलीने ३,५४० मीटरवरून लक्ष्य टिपल्याचे जाहीर झाले.

रचना आणि मोजमापे

काडतुसाचे चार घटक असतात : गोळी, पितळी पुंगळी, प्रणोदक दारू आणि बुडातील प्रायमर. ०.३३८ लापुआ मॅग्नमच्या पुंगळीची लांबी ६९.२० मिमी, तर संपूर्ण काडतुसाची कमाल लांबी ९३.५० मिमी असते. गोळ्या प्रामुख्याने दोन वजनांच्या वापरल्या जातात. २५० ग्रेन म्हणजे १६.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने नळीबाहेर पडते. ३०० ग्रेन म्हणजे १९.४ ग्रॅमच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ८३० मीटर असतो. दोन्हींची प्रारंभिक ऊर्जा साधारणपणे ६,६०० ते ६,७०० ज्यूल भरते.

या आकड्यांचा अर्थ तुलनेतून अधिक स्पष्ट होतो. नळीबाहेर पडतानाची ऊर्जा ढोबळमानाने पुढीलप्रमाणे असते :

• ०.२२ एलआर, ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल प्रकारात वापरले जाणारे काडतूस : सुमारे १४० ज्यूल
• ७.६२×५४ मिमी, द्रागुनोव रायफल : सुमारे ३,४०० ज्यूल
• ७.६२×५१ मिमी नाटो : सुमारे ३,५०० ज्यूल
• ०.३०० विंचेस्टर मॅग्नम : सुमारे ४,८०० ज्यूल
• ०.३३८ लापुआ मॅग्नम : सुमारे ६,७०० ज्यूल
• १२.७×९९ मिमी, बॅरेट एम९५ : सुमारे १७,००० ज्यूल

महाराष्ट्राला रायफल नेमबाजीची उज्ज्वल परंपरा आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले, तर कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकाविले. या क्रीडाप्रकारांत ०.२२ चे छोटे काडतूस वापरले जाते. तेथे कसोटी लागते ती शरीराची स्थिरता, श्वासावरील ताबा आणि चाप दाबण्याची शिस्त यांची. दूरपल्ल्याच्या लष्करी नेमबाजीत हे सर्व गृहीत धरूनच पुढील अडचणींना आरंभ होतो.

मूल्यमापनाचे निकष

दूरपल्ल्याच्या काडतुसाचे मूल्यमापन करताना केवळ वेग व ऊर्जा पाहणे पुरेसे नसते. पुढील निकष एकत्रितपणे विचारात घ्यावे लागतात.

गोळीची घट आणि वाऱ्याचा परिणाम

नळीबाहेर पडताच गोळी गुरुत्वाकर्षणाने खाली येऊ लागते आणि हवेच्या विरोधामुळे तिचा वेग कमी होऊ लागतो. ०.३३८ ची ३०० ग्रेनची गोळी १,००० मीटर अंतर कापण्यास सुमारे दीड सेकंद घेते. तेवढ्या वेळात ती नळीच्या सरळ रेषेपासून सुमारे नऊ ते दहा मीटर खाली आलेली असते. ही घट मोठी असली तरी अंतर अचूक ठाऊक असल्यास तिचा हिशोब आधीच करता येतो.

वाऱ्याचे तसे नाही. वारा प्रत्येक क्षणी बदलतो आणि दरीच्या एका बाजूला त्याची दिशा जी असते ती दुसऱ्या बाजूला असेलच असे नाही. ताशी १८ किलोमीटर वेगाचा आडवा वारा १,००० मीटरवर ०.३३८ च्या जड गोळीला सुमारे दीड मीटर बाजूला नेतो. त्याच परिस्थितीत ७.६२ मिमी नाटो काडतुसाची गोळी अडीच मीटरच्या आसपास सरकते. वाऱ्याचा अंदाज घेण्यात दोन्ही नेमबाजांची सारखीच चूक झाली, तर ०.३३८ वापरणाऱ्याची गोळी लक्ष्याच्या अधिक जवळ पडते. या काडतुसाचा खरा लाभ येथे आहे. ते नेमबाजाच्या चुकीला अधिक क्षमा करते, परंतु चूक नाहीशी करीत नाही.

ध्वनिवेगाची सीमा

गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ येतो तेव्हा तिच्याभोवतीचा हवेचा दाब बदलतो आणि ती डळमळू शकते. ७.६२ मिमी नाटोची गोळी साधारण ९०० मीटरच्या आसपास या सीमेजवळ पोहोचते. ०.३३८ च्या बाबतीत समुद्रसपाटीवर ही सीमा साधारण १,४०० ते १,५०० मीटरवर येते. अनेक उत्पादक या काडतुसाच्या रायफलींचा परिणामकारक पल्ला १,५०० मीटर सांगतात, त्यामागे हे कारण आहे. विक्रमांची अंतरे यापलीकडची असली तरी ती अपवादात्मक परिस्थितीतील असतात. खरेदीचा निर्णय त्यांच्या आधारे घेता येत नाही.

अचूकतेची मोजणी

रायफल व काडतूस यांची अचूकता कोनाच्या मापात, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात सांगितली जाते. एका कोनमिनिटाची अचूकता १,००० मीटरवर सुमारे २९ सेंटिमीटरचे वर्तुळ दर्शविते. जाहिरातींमध्ये तीन गोळ्यांचा लहानसा गट दाखविण्याची प्रथा आहे. तीन गोळ्या योगायोगाने जवळजवळ पडू शकतात. वीस-तीस गोळ्या, त्याही वेगवेगळ्या दिवशी आणि उत्पादनाच्या वेगवेगळ्या खेपांतील काडतुसांनी झाडल्यानंतरच खरे चित्र दिसते.

याहून महत्त्वाचे आहे ते वेगातील सातत्य. एकाच खेपेतील दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असेल, तर १,००० मीटरवर गोळ्यांच्या उंचीत वीस सेंटिमीटरहून थोडा अधिक फरक पडतो. १,५०० मीटरवर तो अर्ध्या मीटरहून अधिक होतो. येथे नेमबाजाचे कौशल्य उपयोगी पडत नाही, कारण पुढचे काडतूस वेगवान आहे की मंद हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. ही अचूकता दारूचे वजन, पुंगळीच्या भिंतीची जाडी आणि प्रायमरचा एकसारखेपणा यांवर अवलंबून असते. ती रणांगणावर मिळविता येत नाही. तिचा निर्णय कारखान्यातच झालेला असतो.

तापमान आणि उंची

भारतासारख्या देशात या निकषाला विशेष महत्त्व आहे. दारू तापली की अधिक वेगाने जळते व गोळीचा वेग वाढतो. थंडीत तो घटतो. मे महिन्यात परळी वैजनाथसारख्या ठिकाणी पारा ४० अंशांच्या वर जातो. राजस्थानच्या सीमेवर तो याहून चढतो, तर हिमालयातील चौक्यांवर हिवाळ्यात तो शून्याच्या बराच खाली उतरतो. एकच काडतूस या दोन्ही टोकांना सारखेच वागेल अशी अपेक्षा ठेवायची असेल, तर तापमानाला कमी प्रतिसाद देणारी दारू आवश्यक ठरते.

उंचीचा परिणाम उलट दिशेने होतो. ४,००० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असते. हवेचा विरोध घटल्याने गोळी अधिक सरळ व अधिक दूर जाते. सपाट प्रदेशातील तक्ते तेथे लागू पडत नाहीत. मध्य प्रदेशातील महू येथील पायदळ शाळेत शिकलेला सैनिक नियंत्रण रेषेवर गेल्यावर त्याला स्वतःच्या रायफलीचे तक्ते पुन्हा तयार करावे लागतात, आणि त्यासाठी सरावाला पुरेशी काडतुसे लागतात.

धक्का, वजन आणि नळीचे आयुष्य

०.३३८ चे एक काडतूस ७.६२ मिमी नाटो काडतुसाच्या जवळजवळ दुप्पट वजनाचे असते. दुर्बिणीसह रायफल सहा ते सात किलोग्रॅम भरते. धक्का कमी करण्यासाठी नळीच्या तोंडाशी वायुरोधक बसवावा लागतो. त्यामुळे आवाज व धूळ वाढते आणि नेमबाजाचे स्थान उघड होण्याचा धोका निर्माण होतो. अधिक दारू व अधिक उष्णता यांमुळे नळीची झीजही लवकर होते. शिवाय एका काडतुसाची किंमत साध्या ७.६२ मिमी काडतुसाच्या अनेकपट असते. ८०० मीटरच्या आतील कामासाठी हे काडतूस अनावश्यक ठरते, असे मत त्यामुळे अनेक सैन्यदलांत मांडले जाते.

इतर पर्याय

अमेरिकी सैन्याने अलीकडे एमके२२ ही बॅरेट कंपनीची रायफल स्वीकारली. तिची नळी बदलून ७.६२ मिमी नाटो, ०.३०० नॉर्मा मॅग्नम आणि ०.३३८ नॉर्मा मॅग्नम अशी तीन काडतुसे वापरता येतात. सरावासाठी स्वस्त काडतूस व प्रत्यक्ष मोहिमेसाठी दूरपल्ल्याचे काडतूस असा मेळ तीत घातलेला आहे. नॉर्मा काडतुसे लापुआपेक्षा आखूड असल्याने लांब व निमुळत्या गोळ्या त्यांत अधिक सोयीने बसतात. मात्र ०.३३८ लापुआ मॅग्नमचे उत्पादक जगभर अनेक आहेत. पुरवठ्याच्या दृष्टीने ही त्याची मोठी जमेची बाजू मानली जाते.

भारतीय भूदलाचा अनुभव

भारतीय भूदलाची प्रमुख स्नायपर रायफल अनेक दशके रशियन बनावटीची द्रागुनोव हीच राहिली. १९६३ मध्ये सोव्हिएत सैन्यात दाखल झालेल्या या रायफलीचा परिणामकारक पल्ला सुमारे ८०० मीटर आहे. मूळ कल्पनेनुसार ती पायदळाच्या तुकडीला थोडा अधिक पल्ला मिळवून देणारी रायफल होती. नियंत्रण रेषेवर दोन्ही बाजूंच्या चौक्या डोंगरांवर समोरासमोर असतात आणि अंतरे बहुधा याहून अधिक असतात. २०१८ मध्ये सीमेपलीकडून होणाऱ्या स्नायपर हल्ल्यांत भारतीय जवान हुतात्मा झाल्याच्या बातम्या वारंवार येऊ लागल्या. त्यानंतर या प्रश्नाला तातडीचे स्वरूप आले.

२०१८-१९ मध्ये उत्तर विभागासाठी मर्यादित संख्येने दोन रायफली घेण्यात आल्या : इटलीची बेरेटा स्कॉर्पिओ टीजीटी, जी ०.३३८ लापुआ मॅग्नमवर चालते, आणि अमेरिकेची १२.७ मिमी बॅरेट एम९५. समांतरपणे संपूर्ण भूदलासाठी पाच हजारांहून अधिक ०.३३८ रायफली व त्यांची काडतुसे यांची मोठी निविदा काढण्यात आली होती. ती २०१९ मध्ये मागे घेण्यात आली. २०२२ च्या प्रारंभी फिनलंडची साको टीआरजी-४२ ही त्याच काडतुसाची रायफल नियंत्रण रेषेवर तैनात होत असल्याचे वृत्त आले.

या घटनाक्रमावरून दोन बाबी दिसतात. पहिली म्हणजे, काडतुसाच्या निवडीबाबत भूदलात फारसे दुमत राहिलेले नाही. रायफली इटलीच्या असोत वा फिनलंडच्या, काडतूस ०.३३८ लापुआ मॅग्नम हेच राहिले. दुसरी बाब अशी की रायफलीची खरेदी आणि काडतुसाचा अखंड पुरवठा हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. थोड्या संख्येने आणलेली रायफल वृत्तपत्रांत छायाचित्रासह झळकते, परंतु तिचा उपयोग वर्षानुवर्षे मिळणाऱ्या काडतुसांवर अवलंबून असतो. आयात काडतुसे महाग असल्याने ती प्रथम साठ्यात जातात आणि सरावाच्या वाट्याला कमी येतात. सरावाविना दूरपल्ल्याचा नेमबाज घडत नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात भूदलाच्या एकूण दारूगोळा साठ्यातील कमतरतेवर गंभीर ताशेरे ओढले होते. त्या पार्श्वभूमीवर नव्या प्रकारच्या काडतुसाची भर ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही.

रायफलीच्या बाबतीत देशांतर्गत प्रयत्नही झाले आहेत. बंगळूरच्या एसएसएस डिफेन्स या खासगी कंपनीने 'सेबर' ही ०.३३८ लापुआ मॅग्नमची रायफल विकसित केली असून २०२४ मध्ये तिच्या निर्यातीचे वृत्त प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रातील दारूगोळा उद्योग

१ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र शासनाने आयुध निर्माणी मंडळ विसर्जित करून त्याच्या ४१ कारखान्यांची सात सरकारी कंपन्यांत विभागणी केली. दारूगोळ्याचे १२ कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे आले. तिचे मुख्यालय पुण्यात खडकी येथे आहे. या १२ पैकी खडकीचे दोन तसेच वरणगाव, भंडारा, देहूरोड आणि चांदा असे सहा कारखाने महाराष्ट्रात आहेत.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. परवानाधारक नागरिकांच्या काडतुसांच्या बुडावर दिसणारा 'केएफ' हा शिक्का याच कारखान्याच्या 'किरकी' या इंग्रजी काळातील नावाचा निदर्शक आहे. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठी ओळखला जातो. इन्सास रायफलीची ५.५६ मिमी काडतुसे तेथे मोठ्या प्रमाणावर तयार झाली. इन्सासचा आराखडा पुण्यातील पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने केला होता. रायफलीचा आराखडा, दारू, पुंगळी आणि चाचणी हे सर्व दुवे एका राज्यात असण्याचे हे उदाहरण आहे.

तथापि ५.५६ मिमीचे काडतूस आणि स्नायपरचे काडतूस यांच्या उत्पादनाची प्रकृती भिन्न आहे. पहिल्यात कोट्यवधींच्या संख्येने स्वीकारार्ह दर्जाचे काडतूस तयार करणे अपेक्षित असते. दुसऱ्यात संख्या कमी, परंतु प्रत्येक काडतूस शेजारच्या काडतुसासारखेच असणे आवश्यक असते. त्यासाठी वेगळी यंत्रे, कमी वेगाची उत्पादनसाखळी आणि अधिक कडक तपासणी लागते. वर्षाला किती काडतुसे निघाली या मापाने कारखान्याचे यश मोजणाऱ्या व्यवस्थेत असे काम नेहमी मागे पडण्याचा संभव असतो. खासगी क्षेत्रानेही यात प्रवेश केला असून कानपूर येथे २०२४ मध्ये अदानी समूहाचा दारूगोळा प्रकल्प सुरू झाला.

या उद्योगाची मानवी किंमतही नोंदविणे आवश्यक आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर येथील आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटात आठ कामगारांचा मृत्यू झाला. लापुआ आणि जवाहरनगर या गावांमध्ये हजारो किलोमीटरचे आणि जवळजवळ अर्ध्या शतकाचे अंतर आहे. धोका मात्र तोच आहे. स्वदेशी उत्पादनाच्या चर्चेत दर, संख्या व पल्ला यांच्या जोडीने कामगारांच्या सुरक्षिततेचा निकष क्वचितच मांडला जातो.

नागरी वापर, कायदा आणि बीड जिल्हा

भारतात नागरिकांकडील शस्त्रे शस्त्र अधिनियम १९५९ व शस्त्र नियम २०१६ यांनी नियंत्रित होतात. लष्करी काडतुसांची शस्त्रे सामान्यतः प्रतिबंधित वर्गात मोडतात. त्यामुळे ग्रामीण भागातील परवानाधारकाकडे आढळणारी शस्त्रे म्हणजे १२ बोअरची बंदूक, ०.३२ चे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर आणि ०.३१५ ची रायफल. ०.३१५ हे काडतूस ब्रिटिश काळात नागरिकांसाठी प्रचलित झाले, कारण सैन्याचे ०.३०३ काडतूस त्यांच्या हाती जाऊ नये असे सरकारचे धोरण होते. ०.३१५ आणि ०.३३८ हे आकडे जवळचे वाटतात, परंतु पहिल्याची ऊर्जा दुसऱ्याच्या सुमारे निम्मीच असते. गोळीच्या व्यासावरून शस्त्राची शक्ती ठरविता येत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून हत्या करण्यात आली. या घटनेनंतर बीड जिल्ह्यातील शस्त्र परवान्यांचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचे समोर आले. परळी परिसरात हवेत गोळीबार करतानाच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर प्रसृत झाल्या आणि त्यासंबंधी गुन्हे नोंदविण्यात आले. २०२५ च्या प्रारंभी प्रशासनाने परवान्यांचा फेरआढावा घेऊन शंभराहून अधिक परवाने रद्द केले.

आनंदाच्या वा दहशतीच्या प्रदर्शनासाठी हवेत गोळीबार करणे हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे. इतरांच्या जीवितास धोका उत्पन्न करणाऱ्या अशा गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोन करण्यात आली.

दूरपल्ल्याच्या नेमबाजीचे शास्त्र या प्रश्नावरही प्रकाश टाकते. हवेत झाडलेली गोळी नाहीशी होत नाही. ती सरळ वर गेली तर वेग गमावून खाली येते, तिरकी गेली तर बराचसा वेग टिकवून दूरवर पडते. साध्या ०.३१५ रायफलीची गोळीही तिरक्या कोनात झाडल्यास काही किलोमीटर जाऊ शकते. बालाघाटच्या डोंगररांगेतील परळीसारख्या दाट वस्तीच्या गावात तेवढ्या अंतरात बाजारपेठ, रेल्वे स्थानक, शाळा आणि यात्रेकरूंची गर्दी येते. प्रशिक्षित स्नायपर एक गोळी झाडण्यापूर्वी अंतर, वारा, तापमान व लक्ष्यामागील भूभाग यांचा हिशोब मांडतो. हवेत गोळीबार करणाऱ्याने यांपैकी कशाचाच हिशोब केलेला नसतो. बहुतेक परवाने आत्मसंरक्षणाच्या कारणासाठी दिले जातात. मात्र शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण व त्याची वेळोवेळी तपासणी यांकडे प्रत्यक्षात किती लक्ष दिले जाते, हा प्रश्न बीडमधील घटनांनी पुढे आणला.

समीक्षा

उपलब्ध माहितीच्या आधारे ०.३३८ लापुआ मॅग्नमबाबत पुढील मते सर्वसाधारणपणे मान्य आहेत. ८०० ते १,५०० मीटर या टप्प्यात एका सैनिकाला वाहून नेता येणाऱ्या शस्त्रासाठी ते प्रभावी काडतूस आहे. त्याहून जवळच्या अंतरासाठी ७.६२ मिमी काडतूस स्वस्त व पुरेसे आहे, तर वाहने व उपकरणे निकामी करण्यासाठी १२.७ मिमीचे काडतूस अधिक योग्य आहे. नव्या नॉर्मा काडतुसांचे काही तांत्रिक लाभ असले तरी, ज्या देशाकडे ०.३३८ लापुआच्या रायफली आधीच आहेत त्याने केवळ तेवढ्यासाठी काडतूस बदलण्याची निकड दिसत नाही.

मतभेद आहेत ते प्राधान्यक्रमाबाबत. अधिक रायफली त्वरित घ्याव्यात असे एक मत आहे, कारण सीमेवरील जवानाला प्रतीक्षा परवडत नाही. दुसऱ्या मतानुसार काडतुसाचे दर्जेदार स्वदेशी उत्पादन आणि सरावाची सोय आधी उभी राहिली पाहिजे, अन्यथा नवी रायफल काही वर्षांत शोभेची वस्तू ठरते. दोन्ही मतांत तथ्य आहे. तातडीच्या खरेदीने २०१९ ची निकड भागली. दीर्घकालीन उत्तर मात्र पितळ, दारू आणि प्रायमर यांच्या सातत्यपूर्ण दर्जावर अवलंबून असून तो दर्जा कारखान्यांतच सिद्ध व्हावयाचा आहे.